महामार्गावर गाडी बंद पडली तर : नाशिकहून निघणाऱ्यांसाठी

नाशिकहून कुठल्याही दिशेला निघा, वाटेत घाट लागतोच. मुंबईकडे कसारा, पुण्याकडे संगमनेरच्या पुढचा चंदनापुरी, धुळ्याकडे चांदवडजवळचा राहूड. शिवाय आता सिन्नरजवळच्या गोंद्यावरून किंवा भरवीर, इगतपुरीवरून समृद्धीवर चढता येतं आणि तिथे गाड्या ताशी शंभर-सव्वाशेने धावत असतात. अशा रस्त्यावर गाडी बंद पडली की बहुतेक जण आधी बोनेट उघडतात. घरातली मंडळी खाली उतरून गाडीच्या मागे उभी राहतात, मुलं हुंदडायला लागतात, कुणीतरी टायरजवळ वाकून बघतं. हे दृश्य मुंबई-आग्रा रस्त्यावर रोज दिसतं आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

बोनेटचा नंबर शेवटी लागतो. आधी गाडी कडेला, मग माणसं गाडीपासून लांब, मग मागून येणाऱ्यांना इशारा, मग फोन. दुरुस्ती त्यानंतर, आणि तीही जमली तर. महामार्गाची साइडपट्टी हे गॅरेज नव्हे. तिथून सुखरूप बाहेर पडणं एवढंच तिथलं काम.

हा क्रम का, ते आकड्यांत बघा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. ताशी १२० असेल तर ३३ मीटर. समोर उभी गाडी आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीडेक सेकंद जातो, म्हणजे तेवढ्यातच चाळीस मीटर संपले. पुढे गाडी थांबेपर्यंत एकूण अंतर शंभर मीटरच्या वर जातं. रस्ता ओला असेल, मागून भरलेला ट्रक येत असेल, तर आणखी जास्त.

निघण्याआधी

सगळ्यात जास्त वेळ टायरला द्या. हवा गाडी थंड असताना तपासायची, म्हणजे घरून निघून पहिल्याच पंपावर. पाथर्डी फाट्यापर्यंत तापवत नेऊन नव्हे. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. लांबच्या प्रवासाला पाच माणसं आणि सामान असेल तर स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा घ्या. हवा कमी असलेला टायर वेगात वाकत राहतो, वाकला की तापतो आणि उन्हाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावर तोच फुटतो.

टायरचं वय बाजूवर कोरलेलं असतं. चार आकडे शोधा : २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होतं. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर घेऊन समृद्धीवर जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बाजूला फुगवटा आलेला असेल तर शहरातसुद्धा चालवू नका. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला.

आता स्टेपनी. तिची हवा कुणी बघत नाही आणि गरजेच्या दिवशी तीच बसलेली निघते. महिन्यातून एकदा पाचव्या चाकाचीही हवा भरून घ्या. नवीन गाडी असेल तर स्टेपनी आहे का हेच आधी बघा. २०२०च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, टायरची हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचा संच असलेल्या गाड्यांना स्टेपनी देणं सक्तीचं राहिलेलं नाही. काही गाड्यांत बारीक, तात्पुरती स्टेपनी मिळते. तिच्यावर बहुतेक ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते.

आणि एक गोष्ट घरी, सोसायटीच्या सपाट जागेत, दिवसाउजेडी करून बघाच : एक चाक स्वतः काढून परत बसवा. जॅक कुठे ठेवलाय, कुठल्या खाचेत लावायचा, पाना बसतो का, अलॉय चाकांना चोरीविरोधी नट असेल तर त्याची वेगळी चावी कुठे आहे, हे सगळं तेव्हा कळतं. टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट इतके आवळतात की गाडीतल्या पान्याने ते हलतही नाहीत. त्यामुळे चाक बसवताना ‘शेवटचं हाताने आवळा’ असं सांगा आणि तिथेच एक नट आपल्या पान्याने ढिला करून परत आवळून बघा. एक हातभर लोखंडी पाइप डिकीत असेल तर पान्याला लांबी मिळते आणि बारीक चणीच्या माणसालाही नट सुटतो.

बाकीचं पटकन होतं. कूलंटच्या टाकीत पातळी दोन खुणांच्या मधे, इंजिन ऑइल काडीवर, वायपरची रबरं, सगळे दिवे. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर निघण्याआधी तपासून घ्या, चांगल्या भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास येतं. समृद्धीवर चढायच्या आधी टाकी भरा, कारण आत शिरल्यावर पंप लांब लांब आहेत. विम्याची पॉलिसी उघडून रस्त्यावरची मदत त्यात आहे का ते वाचा. असेल तर तो नंबर फोनमध्ये आणि कागदावरही हवा.

डिकीत काय असावं

परावर्तक त्रिकोण, जमल्यास दोन. डोक्याला बांधायची बॅटरी, कारण टॉर्च तोंडात धरून नट सुटत नाहीत. चमकणारं जाकीट, पन्नास-शंभर मीटर मागे चालत जाणाऱ्याच्या अंगावर ते असलंच पाहिजे. जंपर केबल, गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा छोटा पंप, हातमोजे, जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा, चाकामागे लावायला दोन लाकडी ओंडके. पाच लिटर पाणी वेगळं, पिण्याचं वेगळं. पॉवर बँक. चिक्की-बिस्किटं, मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर त्यांची औषधं आणि एक चादर. जून ते सप्टेंबर इगतपुरी पट्ट्यात जायचं तर प्रत्येकाचा रेनकोट, छत्री तिथल्या वाऱ्यात टिकत नाही. आणि हजार-दोन हजार रोख सुट्टे, घाटात रेंज गेली की यूपीआय नाही.

हे सामान पिशव्यांच्या तळाशी पुरू नका. त्रिकोण आणि जाकीट तर गाडीच्या आतच, सीटखाली ठेवा.

गाडी इशारा देते तेव्हा

गाडी अचानक बंद पडते असं वाटतं, पण बऱ्याचदा आधी काही मिनिटं ती सांगत असते. लाल दिवा लागला तर थांबायचं, पिवळा लागला तर जपून पुढच्या चांगल्या जागेपर्यंत जायचं, हा ढोबळ नियम. तेलाच्या किटलीचा लाल दिवा म्हणजे लगेच कडेला घेऊन इंजिन बंद. पुढच्या दोन किलोमीटरवर ढाबा आहे म्हणून रेटू नका, तेवढ्यात इंजिन जाम होऊ शकतं. तापमानाचा लाल दिवा लागला तरी तसंच. बॅटरीचा दिवा लागला आणि तापमान ठीक असेल, तर एसी, रेडिओ बंद करून थोडं अंतर जाता येतं.

नाशिक शहरातल्या लांब उड्डाणपुलावर चढायच्या आधीच गाडी धक्के देत असेल तर वर जाऊच नका, खालचा सर्व्हिस रोड धरा. वर कडेला थांबायला पुरेशी जागा नाही. खाली द्वारका, मुंबई नाका परिसरात मेस्त्री हाकेच्या अंतरावर भेटतो.

धावत्या गाडीचा टायर फुटला तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ. ब्रेक दाबायचा मोह टाळा. ॲक्सिलरेटरवरून पाय हळू काढा, वेग आपोआप उतरू द्या आणि मग डावीकडे या. इंजिनच बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला दोन-तीन दाबांपुरतीच मदत उरते. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका, एकदाच दाबून धरा. चावी मात्र काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

पहिली दहा मिनिटं

गाडीत जेवढी गती उरली आहे तेवढ्यात डावीकडची साइडपट्टी गाठा, जितकं डावीकडे जाता येईल तितकं. वळणावर, चढाच्या माथ्यालगत किंवा पुलावर थांबणं टाळा. चाक पंक्चर असेल तरी शंभर-दोनशे मीटर हळू जाऊन सरळ, सपाट जागा गाठणं परवडतं. रिम खराब झाली तर पैसे जातील, तेवढंच. चारही इंडिकेटर लावा, अंधार किंवा धुकं असेल तर मागचे दिवेही चालू ठेवा. हँडब्रेक ओढा, चाकं डावीकडे वळवा.

मग सगळे डाव्या दरवाजाने उतरा. उजवा दरवाजा उघडायचाच नाही, ड्रायव्हरनेही शेजारच्या सीटवरून सरकून बाहेर यावं. कडेच्या लोखंडी कठड्यापलीकडे जमीन असेल तर तिकडे जा आणि गाडीच्या मागच्या दिशेला, म्हणजे जिकडून वाहनं येतात तिकडे, थोडं लांब थांबा. गाडीला मागून धडक बसली तर ती पुढे फेकली जाते, पुढे उभी असलेली माणसं तिच्या वाटेत येतात. घाटात कठड्यापलीकडे दरी असते. तिथे कठडा ओलांडायचा नाही, कठड्याला लागून मागे चालत मोकळ्या जागेत जायचं. मुलाचा हात एका मोठ्या माणसाने धरून ठेवायचा आणि त्या माणसाला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही.

आता त्रिकोण. जाकीट घाला, त्रिकोण छातीसमोर धरून कडेकडेने मागे चालत जा. किमान पन्नास मीटर, वेगाच्या रस्त्यावर शंभर मीटर. शंभर मीटर म्हणजे साधारण सव्वाशे ते दीडशे पावलं. गाडी वळणानंतर थांबली असेल तर त्रिकोण वळणाच्या आधी हवा. डिकीला टेकवून ठेवलेल्या त्रिकोणाचा कुणालाही उपयोग नाही. रस्त्यावर दगड मांडायची पद्धत मात्र सोडून द्या. रात्री दुचाकीवाल्याला ते दिसत नाहीत आणि गाडी निघून गेल्यावर दगड तसेच राहतात. झाडाची फांदी लावलीच, तर निघताना ती उचलून लांब टाका.

डावीकडे येताच आलं नाही, गाडी मधल्या किंवा दुभाजकाजवळच्या लेनमध्ये बंद पडली, तर धावत रस्ता ओलांडू नका. वाहनांत खरंच मोठी खिंड मिळाली तरच उतरा. नाहीतर सीटबेल्ट लावूनच बसा, चारही इंडिकेटर चालू ठेवा आणि लगेच ११२ लावा. गाडीतून धूर किंवा जळका वास येत असेल तर हा हिशेब बदलतो, तेव्हा बाहेर पडणं आधी.

फोनवर काय सांगायचं

राष्ट्रीय महामार्गावर १०३३. अपघात, धोका किंवा घाबरण्यासारखी परिस्थिती असेल तर ११२. माणूस जखमी असेल तर १०८. समृद्धी हा राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा रस्ता आहे, त्याची स्वतंत्र हेल्पलाइन आहे. तिचा नंबर चढतानाच फलकावरून फोनमध्ये घ्या. आपल्या फोनची रेंज नसेल तरी ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल तर त्यावरून तो जोडला जातो.

खरी गडबड होते ती जागा सांगताना. ‘घोटीच्या पुढे’ म्हणजे मुंबईकडे की नाशिककडे? आणि ‘गोंदे’ तर आपल्याकडे दोन आहेत : वाडीवऱ्ह्याजवळचं, एमआयडीसीचं गोंदे दुमाला मुंबई रस्त्यावर, आणि सिन्नर तालुक्यातलं गोंदे समृद्धीवर. नुसतं ‘गोंदे’ सांगितलं आणि क्रेन दुसऱ्या गोंद्याकडे गेली, तर तास-दीड तास गेलाच. म्हणून या क्रमाने सांगा : कुठला महामार्ग, कुठल्या दिशेची बाजू, जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा, शेवटचा ओलांडलेला टोलनाका किंवा फाटा, गाडीचा रंग आणि नंबर, किती माणसं, आणि गाडी लेनमध्ये आहे की कडेला. जमलं तर नकाशातून लोकेशन पाठवा. तेच लोकेशन घरच्यांनाही पाठवा.

बाई एकटी असेल किंवा रात्र असेल तर बाहेर थांबणं आणि गाडीत बसणं यांत निवड करावी लागते. मी म्हणेन, कठड्यापलीकडे उजेडाच्या जवळ उभं राहावं. पण कुणी संशयास्पद घुटमळत असेल तर गाडीत डाव्या बाजूच्या सीटवर बसावं, दरवाजे लॉक, सीटबेल्ट लावलेला, काच दोन बोटं खाली, आणि ११२ शी बोलणं चालू ठेवावं.

समृद्धीचं वेगळं गणित

मुंबई-आग्रा रस्त्यावर गाडी थांबली तर वाडीवऱ्हे, मुंढेगाव, घोटीहून कुणीतरी पंक्चरवाला दुचाकीवर हत्यारं बांधून येतो. समृद्धीवर दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे, दोन्ही बाजूंना कुंपण आहे, गावातून आत शिरता येत नाही. म्हणजे तिथे भिस्त फक्त महामार्गाच्या गस्तीवर आणि क्रेनवर. त्यामुळे ‘बघू, कुणी भेटेल’ हा विचार सोडून पहिल्या पाच मिनिटांत हेल्पलाइनला कळवा.

नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याच शेवटच्या टप्प्यात इगतपुरीपुढे जवळपास आठ किलोमीटरचा जोडबोगदा आहे. बोगद्यात गाडी कुरकुरली तर शक्यतो बाहेर पडेपर्यंत न्या. ते शक्य नसेल तर थांबण्यासाठी केलेल्या खाचेत घ्या, इंजिन बंद करा आणि भिंतीवरचा आपत्कालीन फोन वापरा. गाडीत बसून राहू नका. धूर दिसला तर गाडी सोडा आणि सुटकेच्या खुणांच्या मागे पायी निघा. बोगद्यात गाडी उलटी वळवायची नाही.

कसारा : चढताना इंजिन, उतरताना ब्रेक

मुंबईहून येताना रांगेत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून कसारा चढणं म्हणजे रेडिएटरची परीक्षा. काटा वर सरकायला लागला की एसी बंद करा, काचा उघडा आणि हीटर पूर्ण लावा. उन्हाळ्यात नको वाटेल, पण इंजिनाची उष्णता त्या वाटेने थोडी बाहेर पडते. काटा लाल पट्टीत गेला तर थांबून इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, मग टाकीवरची रबरी नळी हाताने दाबून बघा. मऊ आणि कोमट लागली तर जाड फडका धरून झाकण हळू फिरवा. पाणी थोडं थोडं घाला. गरम इंजिनात थंडगार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. पाणी घातलं तसं खाली गळत असेल तर पुढे चालवायची नाही, क्रेनच.

उतरताना वेगळा धोका. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, जळका वास येतो, पेडल मऊ होऊन खाली जायला लागतं. घाटनदेवीपाशी थांबून, ब्रेक तपासून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच खाली उतरायला लागा. गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरणारे अजूनही दिसतात, तसं कधीच करू नका. पेडल मऊ लागलं तर गिअर एकेक खाली आणत, हँडब्रेक हळूहळू ओढत कडेला घ्या आणि ब्रेक पूर्ण थंड होईपर्यंत थांबा. चाकांवर पाणी ओतू नका.

पावसाळ्यात घाटमाथ्यावर धुकं आलं की समोरचं दहा पावलांवरचं दिसत नाही. अशा वेळी थांबावंच लागलं तर साइडपट्टीवर नको, ढाबा, पंप, टोलनाका गाठा. साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात पाणी गेलं असेल तर एका स्टार्टरमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असलं, तरी असा स्टार्टर मारल्यामुळे दावा अडचणीत येऊ शकतो.

चाक बदलायचं की नाही

पंक्चर डाव्या चाकाचं, जागा सपाट आणि प्रशस्त, दिवस : बदला. पंक्चर उजव्या, म्हणजे वाहनांच्या बाजूच्या चाकाचं : पाठ रस्त्याकडे करून बसू नका, क्रेनची किंवा गस्तीची वाट बघा. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसत असेल तर तो उपटू नका. पंपाने हवा भरून, चाळीसच्या वेगाने पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं. बाजूची भिंत फाटली असेल तर पंक्चरच्या पट्ट्या काम करणार नाहीत.

बदलताना : पंक्चर चाकाच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला ओंडका लावा, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. जॅक फळीवर, ठरलेल्या खाचेत. गाडी उचलली की स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा, जॅक घसरला तर गाडी तिच्यावर टेकेल. काढलेलं चाक मग तिच्या जागी. अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली जाता कामा नये. नट हाताने फिरवून बसवा, समोरासमोरचे आवळा, जॅक उतरवून परत आवळा. पंचवीस-तीस किलोमीटरवर थांबून पुन्हा एकदा.

बॅटरी उतरली असेल तर

तांबडी केबल उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या उणेला आणि शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडते ती बॅटरीजवळ नको, म्हणून. काढताना उलटा क्रम. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, माणसं दमवू नका. सीएनजी गाडीत वास आला तर डिकीतल्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, सगळे लांब व्हा, कुठलंही बटण दाबू नका. इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी वायरींना हात लावायचा नाही.

टोचन आणि क्रेन

दोरीने टोचन करून महामार्गावर नेणं शक्यतो टाळा. बंद इंजिनाचे ब्रेक जड असतात आणि पुढचा थांबला की मागचा आदळतो. ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद असलेल्या आणि इलेक्ट्रिक गाड्या सपाट फळ्याच्या गाडीवरच चढवा, नाहीतर गिअरबॉक्स जातो. महामार्गाची क्रेन गाडी सुरक्षित जागेपर्यंत नेते, पुढे नाशिकपर्यंत न्यायची सोय विम्याची किंवा आपली. खासगी क्रेनवाला आपणहून आला तर गाडीला हुक लावायच्या आधी भाडं, किलोमीटर आणि कुठल्या गॅरेजला सोडणार हे ठरवा, त्याच्या वाहनाच्या नंबराचा फोटो घरी पाठवा. गाडी चढवण्याआधी चारही बाजूंचे फोटो घ्या, नंतर ओरखड्यांवरून वाद होत नाही.

निघताना त्रिकोण उचलून आणा, तोही कडेकडेने, वाहनांकडे तोंड करून. साइडपट्टीवरून निघताना आधी तिथेच वेग घ्या, मग आरशात मोठी जागा बघून लेनमध्ये शिरा. घरी पोचल्यावर पंक्चर झालेलं चाक दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून घ्या, संपलेलं पाणी भरा, डोक्याला बांधायच्या बॅटरीचे सेल बदला आणि विम्याच्या मदतीची पावती जपून ठेवा. वर्षात किती वेळा ती मदत मिळते याला पॉलिसीत मर्यादा असते, ती पावतीवरून मोजता येते.